सदतिसावं पान

भाचीने पुस्तक परत दिलं ते टेबलावर ठेवून, हातात नाही. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. पण मी आपली उत्साहात. "काय गं, कसं वाटलं?" "छान आहे," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. दहा वर्षांच्या मुलांचं 'छान आहे' म्हणजे मोठ्यांचं 'बघू, कळवतो' असतं.

ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. सदतिसाव्या पानापर्यंत कोपरे मऊ पडलेले, एका ठिकाणी बोटाचा डाग. सदतिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने काढलेलं एक ठळक प्रश्नचिन्ह. अडतिसाव्यापासून पुढची पानं मात्र एकमेकांना चिकटून, नवीकोरी.

पुस्तकाचं नाव सांगत नाही, दोष त्याचा नव्हता. जादूगार, शाप, डोंगरापलीकडे जायला निघालेला एक पोरका मुलगा असा मामला. तिच्याएवढी असताना मी ते पाच-सहा वेळा वाचलं होतं, म्हणून मुद्दाम नवी प्रत शोधून तिला दिली. देताना वर भाषणही ठोकलं. किती भारी आहे, मी रात्र-रात्र जागून कसं वाचलं, शेवटी कशी रडले. आता आठवलं की कानकोंडं होतं. पुस्तकाबरोबर माझं रडणंही मी तिच्या गळ्यात बांधत होते, आणि ते परत करणं पुस्तक परत करण्यापेक्षा अवघड होतं. म्हणून 'छान आहे'.

दोन दिवसांनी विचारलं, "कुठे थांबलीस?" 'का थांबलीस' विचारलं की मुलं सबबी सांगतात. 'कुठे' विचारलं की जागा दाखवतात. तिने पुस्तक उघडून त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं.

"मावशी, ते म्हातारे जादूगार एवढे पॉवरफुल आहेत ना? मग ते स्वतः का नाही जात? त्याला एकट्याला का पाठवतात? तो तर माझ्याएवढा आहे."

"अगं, ते पुढे कळतं."

"कधी?"

मला आठवेना. पाच-सहा वेळा वाचलेलं पुस्तक, आणि आठवेना. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. तिने समजूतदारपणे मान हलवली, ते जास्तच लागलं.

विचार केला तर पोरीने थेट पायालाच हात घातला होता. मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथांचं निम्मं गणित, मोठ्या माणसांना वाटेतून बाजूला कसं करायचं, यावर चालतं. आईबाप हजर असतील तर साहस होत नाही, गृहपाठ होतो. म्हणून नायक पोरका असतो, नाहीतर वसतिगृहात असतो. सी. एस. लुइसच्या कपाटातून दुसऱ्या जगात जाणारी चार भावंडं युद्धातल्या हवाई हल्ल्यांमुळे लंडनबाहेर पाठवलेली असतात; ते कारण तरी त्या काळातलं, खरंखुरं. पुष्कळदा मात्र लेखक मोठ्यांना नुसतंच गायब करतो आणि कुणी विचारणार नाही असं धरून चालतो. माझ्या भाचीसारखी मुलं विचारतात.

तिला जादू नको होती असं नाही. तिला जादूचे नियम हवे होते. मी सुचवताना वय बघितलं, स्वतःची आवड बघितली आणि हेच बघायचं राहिलं.

वयाची तर वेगळीच गंमत आहे. १९३६ साली लंडनच्या एका प्रकाशकाने टॉल्किनच्या 'द हॉबिट'चं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं. पोरगा वाचून अभिप्राय लिहायचा आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळायचा. त्याने लिहिलं की नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही, आणि हे पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा! म्हणजे आवडलं मला, पण आहे ते लहानांसाठी. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं आणि तेव्हापासून पन्नाशीची माणसंही ते वाचताहेत. मुलांना शिफारस करायला सांगितली की ती नेहमी आपल्यापेक्षा थोड्या धाकट्याला शिफारस करतात, हे मी घरातही पाहिलंय. आणि मलपृष्ठावर '९ ते १२' छापलेलं असलं की तेरा वर्षांचा मुलगा ते उचलून परत ठेवतो, हेही.

तर भाचीकडे परत. दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला आणि भाषण न करता ज्यूल व्हर्न तिच्यासमोर ठेवला. चंद्रावर जाणाऱ्यांची ती जुनी गोष्ट, १८६५ सालची. आमच्या पिढीने भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न वाचला. त्यात माणसं तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघतात हे वाचताना मला फक्त मजा वाटली होती. भाची तिसऱ्याच दिवशी वही घेऊन आली. "ही तोफ नऊशे फूट लांब आहे. गोळा बाहेर पडताना सेकंदाला अकरा किलोमीटर वेगाने जातो. मग आतल्या माणसांना काहीच नाही होत?"

आम्ही दोघी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. नऊशे फूट म्हणजे साधारण दोनशे चौऱ्याहत्तर मीटर. तेवढ्या अंतरात शून्यापासून अकरा किलोमीटरचा वेग गाठायचा, तर सगळा कारभार सेकंदाच्या विसाव्या भागात उरकायला हवा. त्वरण निघालं पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींच्याही वर. "माझं वजन तीस किलो," ती म्हणाली आणि गुणाकार केला. सहाशे टनांच्या वर. ती जरा वेळ त्या आकड्याकडे बघत बसली, मग म्हणाली, "चटणी." व्हर्नलाही ही शंका आली होती, म्हणून त्याने प्रवाशांच्या पायाखाली पाण्याचा थर ठेवलाय, धक्का झेलायला. तिने तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि मान हलवली. "नाही चालणार. पण निदान त्याने विचार केला."

'निदान त्याने विचार केला' हे वाक्य मी मनात जपून ठेवलंय. त्या जादूगारांच्या बाबतीत तिची तक्रार एवढीच होती.

मग मी तिला सांगितलं की त्या गोष्टीतही तिघंच जण जातात, फ्लोरिडातूनच निघतात, आणि दुसऱ्या भागात परतताना प्रशांत महासागरातच पडतात. आणि १९६९ साली अपोलो ११ मधले खरे तिघे फ्लोरिडातूनच गेले, प्रशांत महासागरातच उतरले. फ्लोरिडा व्हर्नने टाचणी टोचून निवडलं नव्हतं. चंद्र अगदी डोक्यावर येऊ शकेल असा दक्षिणेकडचा अक्षांश त्याला हवा होता. "म्हणजे तोफ चुकली, पण जागा बरोबर आली," ती म्हणाली. पुस्तक तिने पूर्ण केलं. चटणी होऊनही.

याच व्हर्नला एच. जी. वेल्सचा राग होता. वेल्सने १९०१ मध्ये आपली माणसं चंद्रावर नेली ती गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका काल्पनिक पदार्थाच्या जोरावर. १९०३ च्या एका मुलाखतीत म्हाताऱ्या व्हर्नने तक्रार केली की मी भौतिकशास्त्र वापरतो आणि हा शोध लावून मोकळा होतो, तो धातू कुठाय, दाखवा म्हणावं मला. मला हे भांडण फार आवडतं, कारण घरातल्या कोचावर ते रोज चालतं. भाची व्हर्नच्या बाजूची. तिचा आठ वर्षांचा भाऊ वेल्सच्या. त्याला धातू बघायचाच नाही, त्याला चंद्रावर काय काय राहतं ते बघायचंय.

अर्थात वेल्सही वाटतो तेवढा मोकाट नाही. त्याचा अदृश्य माणूस, १८९७ चा. कपडे अदृश्य होत नाहीत, म्हणून बिचाऱ्याला थंडीत उघडं फिरावं लागतं. खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसत राहतं. पापण्याही पारदर्शक, त्यामुळे डोळे मिटून उपयोग नाही. भाचीने विचारलं, "प्रकाश आरपार जात असेल तर त्याला दिसतं कसं?" आणि वेल्सने तीही पळवाट थोडीशी बुजवून ठेवलीय, आरशात त्या माणसाला स्वतःच्या दृष्टिपटलामागचा रंगाचा धुक्याएवढा अंश तेवढा उरलेला दिसतो. हे सापडलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गोष्ट पुढे बरीच काळी होते, म्हणून पुस्तक मी तिच्या हातात दिलं नाही, निवडक भाग वाचून दाखवले. उरलेलं ती मोठी होऊन वाचेल, किंवा माझ्या नकळत आधीच वाचलंही असेल.

धाकट्याचं सगळंच वेगळं. तो पुस्तक उघडतो ते आधी नकाशा आहे का बघायला. नकाशा नसेल तर रागावतो आणि स्वतः काढतो. परवा त्याच्या वहीच्या मागच्या पानावर एक बेट सापडलं. उत्तरेला 'इथे जायचं नाही', दक्षिणेला 'इथे पण नाही', मधे एक नदी, आणि नदीच्या काठी बारीक अक्षरात 'आजोबांचं घर'. जायचं नाही अशा दोन प्रदेशांच्या मधोमध आजोबा काय करतात, हे मी विचारलं नाही. त्याची ती गोष्ट अजून चालू आहे.

त्याच्यासाठी मी मिखाएल एंडेचं पुस्तक काढलं, एका मुलाने पुस्तक वाचता वाचता त्याच पुस्तकात शिरण्याची ती लांबलचक गोष्ट. १९७९ ची मूळ जर्मन आवृत्ती दोन रंगांच्या शाईत छापलेली होती: माणसांच्या जगाला लाल, अद्भुताच्या जगाला हिरवी. प्रकरणं सव्वीस, आणि प्रत्येकाची सुरुवात ए ते झेडमधल्या एकेका अक्षराने. आमच्या प्रतीत सगळी शाई काळीच. मी त्याला लाल-हिरव्याचं सांगितलं मात्र, त्याने रंगीत पेन्सिली आणल्या आणि समासात रेघा ओढत वाचायला बसला. इथे लाल, इथे हिरवा. मधेच ओरडायचा, "मावशी, आता काय करू? हा मुलगा इकडचा आहे आणि तिकडे गेलाय!" दोन्ही रंग एकावर एक चढवले तेव्हा तिथे तपकिरी चिखल झाला. पुस्तक खराब झालं म्हणून त्याची आई माझ्यावर वैतागली. माझ्या मते ती प्रत आता घरातली सगळ्यात चांगली प्रत आहे.

आईबापांचा विषय निघालाच आहे तर. मी मुलांना पुस्तकं सुचवते हे कळल्यापासून ओळखीचे लोक मला विचारतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "यातून काय शिकायला मिळतं?" पूर्वी मी उत्तरं द्यायचे. धैर्य, मैत्री, पर्यावरण. आता सरळ सांगते की माहीत नाही. पोहायला जाणाऱ्या मुलाला 'आज पाण्याने काय शिकवलं' असं कुणी विचारत नाही. हा आजार जुना आहे. १८६२ च्या ४ जुलैला एका गणिताच्या शिक्षकाने होडीतून जाताना तीन बहिणींना एक गोष्ट सांगितली, तिचं पुस्तक १८६५ मध्ये निघालं, आणि त्यात एक सरदारीण आहे जिला प्रत्येक गोष्टीत तात्पर्य सापडतं. अॅलिस तिला कंटाळते. दीडशे वर्षं उलटली, सरदारीणबाई अजून पालकांच्या घोळक्यात उभ्या आहेत.

दुसरा प्रश्न भीतीचा असतो, आणि तो रास्त आहे. त्याला मी टाळत नाही. पण कोणत्या मुलाला कशाची भीती वाटेल याचा माझा अंदाज दरवेळी चुकलाय. सात तोंडांचा राक्षस धाकट्याने मजेत पचवला. पण एका साध्या गोष्टीत यंत्रमानवाला कुलूप लावून घरातली माणसं सुट्टीवर जातात, एवढंच वाचून तो त्या रात्री आईजवळ झोपला. तेव्हापासून मी एकच करते. जड वाटणारं पुस्तक असेल तर म्हणते, हे दिवसा वाच, आणि नको वाटलं तर मिटून माझ्याकडे दे, पुढे काय होतं ते मी तोंडी सांगते. तोंडी सांगितलेला राक्षस जरा लहान होतो.

त्या यंत्रमानवावरून आठवलं. 'रोबो' हा शब्द १९२० च्या कारेल चापेकच्या नाटकातून आला, आणि तो सुचवला त्याच्या भावाने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, सक्तीची राबणूक. आपला 'यंत्रमानव' शब्द भारदस्त आहे, पण त्यात ती वेठ नाही. हे धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तो वेठीला धरलेला आहे, आणि वर कुलूप?" त्याला भीती राक्षसाची नव्हतीच, अन्यायाची होती, हे मला त्या दिवशी कळलं. कुलपाची ती गोष्ट मात्र अजून त्याने पूर्ण केलेली नाही.

मोठ्या नावांचं ओझंही मुलांना लवकर कळतं. 'पुरस्कारप्राप्त' असा शिक्का दिसला की भाची पुस्तक दोन बोटांत धरते. तिला मी जयंत नारळीकरांची हकिकत सांगितली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी कृष्णविवराची कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे ज.वि.ना. ही आपलीच आद्याक्षरं उलटी करून. नावाकडे बघून कुणी निकाल देऊ नये म्हणून. आणि बक्षीस मिळवलं. आता आमच्याकडे खेळ असा की मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालते आणि पहिलं प्रकरण झाल्याशिवाय नाव सांगत नाही. ती कव्हर उचकटून बघते, तो भाग वेगळा.

मालिकांचं तर विचारूच नका. सात पुस्तकं असतील तर कुठून सुरू करायचं, यावर मोठी माणसं हमरीतुमरीवर येतात. लुइसच्याच त्या सात पुस्तकांवरून एका अमेरिकन मुलाचा आईशी वाद झाला. आईचं म्हणणं छापली त्या क्रमाने वाचावीत, मुलाचं म्हणणं गोष्टीतल्या काळाच्या क्रमाने. त्याने लेखकालाच पत्र घातलं. १९५७ मध्ये लुइसचं उत्तर आलं: मला तुझाच क्रम जास्त पटतो, आणि कदाचित कुठल्याही क्रमाने वाचली तरी फारसं बिघडत नाही. या बाबतीत मी त्या आईच्या बाजूची आहे. कपाटाचं दार उघडण्याआधीच पलीकडचं जग कसं तयार झालं ते कळलं तर दार उघडण्यात राहिलं काय? पण धाकट्याने तिसऱ्यापासून सुरुवात केली, कारण त्याच्या मुखपृष्ठावर जहाज होतं, आणि त्याचं काही अडलं नाही.

राहिलं ते सदतिसावं पान. पुस्तक माझ्या कपाटात परत आलं होतं, मी ते विसरूनही गेले होते. मागच्या सुट्टीत दोघं आली तेव्हा धाकटा कपाटाशी घुटमळत होता आणि भाची त्याला ऐकवत होती, "ते नको घेऊस. बोअर आहे. आणि घेतलंस तर सदतिसाव्या पानाच्या पुढे जाऊ नकोस." माझ्या आजवरच्या सगळ्या शिफारशींपेक्षा हे वाक्य प्रभावी निघालं. 'इथे जायचं नाही' असं लिहिलेला प्रदेश त्याला कुणीतरी आयता दाखवला होता. तो पुस्तक घेऊन पडद्यामागे गेला.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना येऊन माझा पदर ओढला. पुस्तक पोटाशी, एक बोट पानांत अडकवलेलं.

"मावशी, सांगतात."

"काय सांगतात?"

"ते जादूगार का जात नाहीत ते. चौऱ्याऐंशीव्या पानावर." त्याने मागे वळून ताई जवळ नाही ना बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "ते आधी गेले होते. सगळे. म्हणून तर म्हातारे झालेत."

मी पुस्तक त्याच्या हातातून घेऊन ते पान वाचलं. तीन ओळी होत्या. इतक्या वेळा वाचूनही मला त्या दिसल्याच नव्हत्या. मी तेव्हा त्या मुलाबरोबर डोंगराकडे पळत होते, म्हाताऱ्यांकडे कोण बघतंय?

ताईला सांगू या का, म्हणून विचारलं तर तो जोरजोरात मान हलवून नाही म्हणाला. तिने स्वतः वाचावं. मी म्हटलं, ती वाचणार नाही, तिने थांबायचं ठरवलंय. त्यावर त्याने बराच विचार केला, मग रंगीत पेन्सिल आणली, सदतिसाव्या पानावरच्या तिच्या प्रश्नचिन्हाखाली हिरव्या शाईसारखं गिरवून '८४' असं लिहिलं आणि पुस्तक तिच्या दप्तराशेजारी ठेवून दिलं. हातात नाही दिलं.